सहा ग्रॅमचा मासा

कोकणातल्या एखाद्या खाडीवर रॉड घेऊन जिताड्याची वाट बघत बसलेल्या मुलांशी कधी गप्पा मारल्यात? मारल्या असतील, तर रापाला हा शब्द तुमच्या कानावर पडला असण्याची दाट शक्यता आहे. कप्प्यांच्या डबीत नीट मांडून ठेवलेले रंगीत खोटे मासे, पोटाखाली लोंबणारे तीन तोंडांचे गळ. याला म्हणायचं ल्युर. खरं आमिष लावायचं नाही. खोटा मासा पाण्यातून असा ओढायचा की शिकारी माशाला तो खरा वाटला पाहिजे. आणि ल्युरच्या दुनियेत रापाला म्हणजे मोठं नाव.

नावावरून वाटतं, असेल जपान नाहीतर इटलीतली कुठली तरी कंपनी. कंपनी आहेच, हेलसिंकीच्या शेअर बाजारात तिची नोंद आहे. पण त्याच्या कितीतरी आधी रापाला हा एक माणूस होता. फिनलंडमधला एक गरीब मासेमार. त्याने स्वतःच्या पोटासाठी एक खोटा मासा कोरला आणि तो मासा इतका हलका निघाला की पुढे कित्येक वर्षं लोकांना तो नीट फेकताच येईना. त्या माणसाची आणि त्या हलकेपणाची ही गोष्ट आहे. मासेमारीत तुम्हाला काडीचाही रस नसला तरी वाचा, कारण यात बारावीचं फिजिक्सही आहे आणि चॉकलेटसुद्धा.

नावातच चिखल

लौरी रापाला यांचा जन्म १९०५ च्या नोव्हेंबरमधला, दक्षिण फिनलंडमधल्या सिस्मा परगण्यातला. फिनलंड तेव्हा स्वतंत्र देशही नव्हता, रशियन झारच्या साम्राज्याचा भाग होता. घरची परिस्थिती बेताचीच. लौरी लहान असतानाच त्यांची आई मारी त्यांना घेऊन शेजारच्या असिक्कालाला राहायला आली. तिथल्या चर्चच्या वहीत नाव नोंदवायची वेळ आली, तेव्हा म्हणे पाद्रीबुवांना या मायलेकांचं आडनाव काही आठवेना. मग त्यांनी ते ज्या वस्तीवरून आले होते तिचंच नाव लिहून टाकलं. रापाला. फिनिश भाषेत रापा म्हणजे चिखल. पुढे जगभर पोचलेलं हे नाव अशा एका नोंदीतून आलं, अशी घरातली गोष्ट आहे.

१९२८ मध्ये लौरींचं एल्मा लेप्पानेन यांच्याशी लग्न झालं. एकामागून एक मुलं झाली, आणि त्याच सुमारास जगभर महामंदी आली. मिळेल ते काम करायचं, असा तो काळ. हिवाळ्यात जंगलात लाकडं तोडायची नाहीतर कुणाच्या शेतावर राबायचं आणि बर्फ वितळला की होडी काढायची. पॅय्यॅने नावाचं सरोवर तिथून जवळच. उत्तर-दक्षिण जवळजवळ १२० किलोमीटर पसरलेलं, फिनलंडमधलं सगळ्यात खोल सरोवर. त्यात ट्राउट, पाइक, पर्च असे शिकारी मासे. त्यांना बाजारात भाव चांगला मिळायचा.

पण मासे पकडणं म्हणजे ढोर मेहनत होती. शेकडो गळ लावलेली लांबच लांब दोरी पाण्यात सोडायची, तर त्यातल्या एकेका गळाला हाताने आमिष टोचावं लागायचं. आमिष संपलं की पुन्हा नवीन पकडायचं, पुन्हा टोचायचं. होडीला इंजिन नव्हतं. होते ते स्वतःचे दोन हात आणि वल्ही. दिवस सगळा यातच जायचा.

लंगडणारा मासा

आता लौरींनी काय केलं ते बघा. वल्ही मारता मारता ते पाण्यात बघत राहिले. छोट्या माशांचा थवा चाललेला असायचा, खालून एखादा मोठा ट्राउट यायचा. थव्यात शेकडो मासे, समोर सगळं ताट वाढलेलं. तरी तो ट्राउट कुठल्याही माशावर झडप घालायचा नाही. तो एकच मासा हेरायचा, जो इतरांसारखा पोहत नसायचा. आजारी असेल, जखमी असेल. एका अंगाला झुकून डुगडुगत चाललेला. तो एक वेगळा दिसला की ट्राउट सुटायचा बाणासारखा.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? हे तर सरोवरावर जन्म काढलेल्या कुणालाही माहीत असेल. असेलही. पण लौरींनी त्यातून पुढचा प्रश्न काढला. मला जर तो लंगडणारा मासाच बनवता आला, तर? मग दिवसभर गळांना आमिष टोचत बसायला नको. एकच खोटा मासा, दिवसभर चालणारा.

बाजारात तेव्हा ल्युर नव्हते असं अजिबात नाही. धातूचे चमचे होते, लाकडाचे ठोकळे होते. ते चमकायचे, फिरायचे, आवाज करायचे. लौरींना मात्र आजारी माशाची ती किंचित डुगडुगणारी चाल हवी होती आणि ती विकत मिळत नव्हती.

बूच, रापी आणि चॉकलेटची चांदी

१९३६ मध्ये त्यांच्या मनासारखा पहिला ल्युर तयार झाला. सामान बघाल तर हसाल. बाटलीला लावतात तसलं बूच, म्हणजे कॉर्क. ते कोरायला चांभाराची रापी. गुळगुळीत करायला पॉलिश पेपर. माशाच्या अंगाची चमक आणायला चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी. आणि पाण्याने ती चांदी निघून येऊ नये म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा वर थर दिलेला. घरात आणि आजूबाजूला जे फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळत होतं, त्यातून हा मासा उभा राहिला. पुढे बुचाच्या जागी पाइन झाडाची साल आली आणि नंतर बाल्सा लाकूड. बाल्सा म्हणजे तेच, ज्याची खेळण्यातली विमानं बनवतात.

आता ही चाल येते कशी? ल्युरच्या तोंडाखाली एक छोटी तिरकी पट्टी असते, जीभ म्हणा हवं तर. ल्युर ओढला की पाणी त्या पट्टीवर आदळतं आणि तोंड खाली आणि बाजूला ढकलतं. पण अंग हलकं, तरंगणारं. ते लगेच उसळून परत जागेवर यायला बघतं. पाणी पुन्हा ढकलतं, अंग पुन्हा उसळतं. या झटापटीत ल्युर डावी-उजवीकडे डुगडुगत राहतो. म्हणजे सगळा खेळ हलकेपणावर आहे. अंग जड झालं की उसळी कमी, उसळी कमी झाली की चाल मेली. तेच लाकूड, तोच रंग, तोच आकार असला तरी तो ल्युर पाण्यातून ओढलेली काडी होऊन जातो.

म्हणून लौरी प्रत्येक ल्युर पाण्यात ओढून बघायचे. एका अंगाला पळत असेल तर पुढची तार जराशी वाकवायची, पुन्हा ओढायचं. चाल जमली तरच तो ल्युर पास. या ल्युरने ते एका दिवसात कधी कधी ६०० पौंड, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास मासे काढायचे, अशी आख्यायिका आहे. आकड्यात मिठाची भर असेल, पण एवढं खरं की शेजारपाजारचे मासेमार लवकरच त्यांच्याकडे ल्युर मागायला लागले.

युद्ध आलं, ऑलिंपिक आलं

१९३९ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत फौजा फिनलंडवर चालून आल्या आणि लौरी आघाडीवर गेले. तिथलाही एक किस्सा सांगतात. सैनिकांना मासे हवे होते, तर पाण्यात स्फोटकं उडवायचा सोपा उपाय समोर होता. लौरींनी आपला ल्युर काढला आणि स्फोटकांपेक्षा जास्त मासे आणून दाखवले. किस्सा कितपत खरा हे सोडा. पण ओळखीचे लोक त्यांच्याबद्दल कशा प्रकारच्या गोष्टी सांगत होते, ते यातून कळतं.

युद्ध संपलं तेव्हा देश खंगलेला होता. लौरी घरी परतले आणि ल्युर कोरणं हा हळूहळू घरचा धंदाच झाला. मुलं हाताशी आली, ती पण कोरायला, रंगवायला बसली. मग १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक भरलं. जगभरचे खेळाडू, पत्रकार, पाहुणे आले आणि जाताना त्यांच्यातल्या काहींच्या सामानात हे हलके मासे गेले. पन्नासचं दशक सरता सरता ते अमेरिकेतल्या मिनेसोटात पोचले. फिनलंडसारखाच सरोवरांचा, थंडीचा प्रदेश, फिनिश स्थलांतरितांची वस्ती असलेला.

१९५९ मध्ये रॉन वेबर नावाच्या मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका सेल्समनच्या हातात हा ल्युर आला. त्याने वापरून बघितला आणि चाट पडला. मिनिआपोलिसमध्ये रे ऑस्ट्रम यांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. दोघांनी मिळून फिनलंडहून माल मागवायला सुरुवात केली. धंदा बरा चालला होता. आणि मग आला ऑगस्ट १९६२.

त्या महिन्यात लाइफ साप्ताहिकाने या ल्युरवर लेख छापला. अंक कुठला? मर्लिन मन्रोच्या मृत्यूनंतर निघालेला, मुखपृष्ठावर तिचाच फोटो असलेला. अख्ख्या अमेरिकेने तो अंक विकत घेतला आणि पानं उलटताना लोकांना लौरी रापाला भेटले. ऑर्डरींचा पाऊस पडला. आकडा सांगतात तीस लाखांचा. तोवर एका कुटुंबाच्या हातून बनणारी वस्तू ही! माल इतका कमी पडला की काही दुकानदार रापाला ल्युर दिवसाच्या भाड्याने द्यायला लागले, असंही सांगतात. मीडिया शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एका लेखाचा परिणाम म्हणजे काय याचं उदाहरण हवं असेल तर हे लिहून ठेवा. लेख किती भारी होता यापेक्षा तो कुठल्या अंकात छापून आला, यावर सगळं फिरलं.

पण फेकायचा कसा?

आता हलकेपणाच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. लौरी आपला ल्युर होडीमागून ओढायचे. वल्ही मारायची, मागे दोरी सोडलेली. त्यात फेकण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेत मात्र लोक काठावरून, होडीतून रॉडने ल्युर लांब फेकायचे, आणि त्यासाठी अनेकांच्या हातात असायचं बेटकास्टिंग रील. याचा वंश एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, केंटकीतल्या घड्याळजींपर्यंत जाणारा. जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने तिथे अशी रिळं बनवली, असं मानतात. रॉडवर आडवं बसणारं रीळ. ल्युर फेकला की तो तंगूस ओढतो, आणि तंगूस ओढला गेला की रीळ स्वतः गरगर फिरतं.

मेख इथेच आहे. थांबलेलं रीळ फिरवायचं काम ल्युरच्या वजनाला करावं लागतं. त्या काळातले फेकायचे नेहमीचे ल्युर १५-१८ ग्रॅमचे, त्यांना हे जमायचं. रापालाचा मूळचा तरंगणारा ल्युर ११ सेंटीमीटर लांब, म्हणजे तळहाताएवढा. आणि वजन अवघं ६ ग्रॅम. ७ सेंटीमीटरचा तर ४ ग्रॅमच. एवढा जीव जड रिळाला फिरवणार कसा? आणि तुम्ही चिडून जोरात फेकलात, तर आणखी पंचाईत. रीळ झटक्याने सुटतं, हवेत हलका ल्युर लगेच मंदावतो, रीळ मात्र फिरतच राहतं. मग तंगूस बाहेर जायच्या ऐवजी रिळावरच उसळतो आणि असा गुंता होतो की सोडवताना संध्याकाळ होते.

लोकांनी सोपा उपाय काढला. ल्युरच्या पुढे शिशाची गोळी चिमटवायची. ल्युर लांब जायला लागला, पण चाल गेली. लौरींनी ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला होता, तीच मेली. दुसरा उपाय होता स्पिनिंग रीळ वापरायचा. त्यात रीळ फिरत नाही, तंगूस कडेवरून सुटत जातो. हलका ल्युर त्याने मजेत जातो आणि पुष्कळांनी तेच केलं. पण बेटकास्टिंग रिळाची मजा वेगळी. अंगठा रिळावर ठेवून ल्युर हवा तिथे, झाडाच्या फांदीखाली, दगडाच्या आडोशाला अलगद टेकवता येतो. ज्यांना ती सवय लागली होती, त्यांना ती सोडवेना.

ल्युर नको, रीळ हलकं करा

यावरचं उत्तर नीट सापडायला बराच काळ जावा लागला. गेल्या काही दशकांत जपानमधल्या गळवाल्यांनी आणि रीळ बनवणाऱ्या कंपन्यांनी एक पद्धत पक्की केली. तिला म्हणतात बेट फिनेस. कल्पना साधी. ल्युरला हात लावायचा नाही. रिळाचं वजन कमी करायचं.

बारावीत रोटेशनल डायनॅमिक्सचा धडा आठवतोय? फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व नुसत्या वजनावर ठरत नाही, ते वजन आसापासून किती लांब आहे याच्या वर्गावर ठरतं. म्हणून हौशी लोक सगळ्यात आधी आतलं चाक, म्हणजे स्पूल बदलतात. मूळच्या खोल स्पूलच्या जागी उथळ, पातळ ॲल्युमिनियमचं, भोकं पाडून आणखी हलकं केलेलं. चांगलं फिनेस स्पूल दहा ग्रॅमच्याही आत बसतं. दुसरी गोष्ट तंगूस. स्पूलवर गुंडाळलेला तंगूस हेही वजनच आहे, आणि ते आसापासून सगळ्यात लांब आहे. म्हणून बारीक तंगूस आणि तोही लागेल तेवढाच. ओढ्यात किंवा तळ्याकाठी तुम्ही १५-२० मीटरच फेकणार असाल, तर दोनशे मीटर भरून उपयोग काय?

तिसरी गोष्ट बेअरिंग. त्यातलं घट्ट ग्रीस धुऊन काढायचं आणि पातळ तेलाचा एकच थेंब सोडायचा. चौथी, ब्रेक. बऱ्याच रिळांत बाजूला छोटी चुंबकं असतात. धातूचं स्पूल त्यांच्यासमोर फिरलं की त्यात भोवरप्रवाह, म्हणजे तुमचे एडी करंट तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. स्पूल जितकं जोरात, तितका विरोध जास्त. सुरुवातीच्या झटक्यात लगाम, शेवटी मोकळीक. चुंबकं जवळ-लांब करून हा लगाम आपल्या ल्युरप्रमाणे बसवता येतो. नव्याने शिकत असाल तर ब्रेक आधी जास्त ठेवा आणि हात बसेल तसा कमी करत जा.

आणि एवढं सगळं करूनही मनगट आडदांड असेल तर गुंता होणारच. हलका ल्युर झटक्याने फेकायचा नसतो. रॉडही मऊ हवा, चार ग्रॅमच्या वजनाने वाकणारा. तो वाकला की त्यालाच ल्युर पुढे न्यायला द्यायचं, आणि ल्युर पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने स्पूल थांबवायचं. गाठसुद्धा विचार करून मारायची. तंगूस ल्युरच्या नाकाशी करकचून बांधला तर चाल आवळली जाते. म्हणून गळवाले एक मोकळा फास राहील अशी गाठ मारतात, ल्युर त्यात झुलत राहतो. त्या गाठीचं नावच रापाला नॉट.

पास की नापास

लौरी रापाला १९७४ मध्ये वारले, वयाच्या ६८ व्या वर्षी. तोवर कारखाना उभा राहिला होता, मुलं तो चालवत होती, ल्युर लाखांत बनत होते. लाकूड कापायला यंत्रं आली होती. पण एक काम कंपनीने टाकलं नाही. प्रत्येक ल्युर पाण्याच्या टाकीत माणसाने ओढून बघायचा, वाकडा पळाला तर तार वाकवून सरळ करायचा आणि मगच डबीत भरायचा.

विचार करा, तीस लाखांची मागणी दारात उभी असताना हे किती महागात पडत असेल. नमुन्यादाखल शंभरातला एक तपासला असता तरी कुणाला कळलं नसतं. कळलं असतं ते फक्त माशाला. आणि पॅय्यॅनेवर वल्ही मारणाऱ्या लौरींचं घर त्या माशाच्याच मतावर चालत होतं. तेव्हा ल्युर चालला नाही तर त्या दिवशी विकायला मासे नाहीत, इतका साधा हिशोब होता. टाकीतली ती चाचणी त्याच हिशोबातून आली आहे.

कॉलेजात आपण प्रोजेक्ट करतो, स्टार्टअपच्या कल्पना मांडतो, स्लाइड्स सजवतो. त्यात आपली टाकी कुठली, हे एकदा शोधून बघा. आणि हातात रॉड असेल, तर पहिल्यांदा ल्युर फेकायच्या आधी तो पायाशी, काठाच्या पाण्यात हातभर ओढून बघा. डुगडुगतोय ना? मग खुशाल फेका.